चित्र न दाखवणारा कॅमेरा

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालून आठवड्यामागून आठवडे फोटो काढत राहणाऱ्या माणसाविषयी जाणकारांत एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. हा स्मरणरंजनाचा प्रकार आहे, असे ते मत. ते बहुधा सौजन्याने मांडले जाते: छंद निरुपद्रवी आहे, ज्याला परवडतो त्याने करावा. पण या सौजन्यात वाद न ऐकताच निकाल दिलेला असतो. तो निकाल मला मान्य नाही. का मान्य नाही, हे वाचकांपुढे सविस्तर मांडतो.

आधी पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही, कारण त्याचे बळ मोठे आहे. प्रतिपक्ष म्हणतो: ऑस्कर बारनाकने रचलेला आणि १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात लोकांपुढे आलेला लायका ही आपल्या काळातली क्रांती होती, यात वाद नाही. १९३२ साली लायका दोन आणि झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स यांनी अंतर मोजण्याची यंत्रणा थेट लेन्सशी जोडली, तेही मोठेच काम. पण १९५९ साली निकॉन एफ आला आणि रेंजफाइंडरचा काळ संपला. जे लेन्स पाहते तेच छायाचित्रकाराला दिसू लागले. त्यानंतर डिजिटल कॅमेरा आला आणि फिल्मचाही काळ संपला. आजचा साधा डिजिटल कॅमेरा अंधूक प्रकाशात जे टिपतो, ते कोणत्याही फिल्मला साधणार नाही. फोकस तो स्वतः करतो, चूक तिथल्या तिथे दाखवतो, आणि पुढचा फोटो फुकट देतो. राहता राहिली शिस्त. ती हवी असेल, तर डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा झाका आणि छत्तीसच फोटो काढा. मग महागडी फिल्म, रसायने आणि साठ-सत्तर वर्षांचे यंत्र यांतून उरते काय? पितळेचा स्पर्श आणि आठवणींचा ओलावा.

युक्तिवाद भक्कम दिसतो. त्याचे एकेक कलम तपासू.

इतिहासापासून सुरुवात करतो. निकॉन एफने रेंजफाइंडरला हरवले, हे खरे. पण कशात हरवले? एफ हा कॅमेरा निकॉनने आपल्याच १९५७ च्या एसपी या रेंजफाइंडरच्या सांगाड्यावर उभा केला. मधे आरसा आणि वर प्रिझम बसवले. या आरशाने तीन गोष्टी दिल्या: लांब पल्ल्याच्या लेन्स, अगदी जवळून फोटो, आणि पुढे झूम. रेंजफाइंडरची मजल १३५ मिलिमीटरच्या लेन्सपाशी संपते आणि तो बहुधा सत्तर सेंटिमीटर ते एक मीटर यांच्या आत फोकस करत नाही. क्रिकेटचे मैदान, झाडावरचा पक्षी, पानावरचा किडा ही कामे त्याच्या हातून गेली आणि जायलाच हवी होती. पण दोन ते पाच मीटरवर उभा असलेला माणूस? गल्ली, घर, बाजार, ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स? या क्षेत्रात आरशाने काय नवे दिले, हे प्रतिपक्षाने कधी सांगितले आहे का? रुंद लेन्सच्या बाबतीत तर आरसा अडचणच ठरला. लुडविग बेर्टेलेने झाइससाठी रचलेली २१ मिलिमीटरची बायोगॉन १९५४ साली आली. तिचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ जाते, कारण मधे आरसा नाही. निकॉन एफसाठी पहिली २१ मिलिमीटरची लेन्स काढताना निकॉनला आरसा वर अडकवून ठेवावा लागला आणि पाहण्यासाठी वेगळा व्ह्यूफाइंडर द्यावा लागला. म्हणजे रुंद दृश्यासाठी खुद्द विजेत्याने पराभूताची पद्धत उसनी घेतली. बाजारातला निकाल आणि गुणवत्तेतला निकाल या दोन गोष्टी आहेत. प्रतिपक्ष पहिला दाखवून दुसरा सिद्ध झाल्याचे सांगतो.

अचूकतेचा आक्षेपही असाच घाईचा आहे. रेंजफाइंडरची दोन खिडक्यांची रचना ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर दोन खिडक्या असतात. मोठीतून आपण पाहतो. लहानीतून येणारे किरण आत वळवून एका अर्धपारदर्शक आरशावर आणले जातात, त्यामुळे मधल्या छोट्या उजळ चौकोनात वस्तूची दुसरी, फिकट प्रतिमा दिसते. लेन्सचे कडे फिरवले की ही फिकट प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की फोकस झाला. हे त्रिकोणमितीचे मोजमाप आहे, आणि त्याची अचूकता दोन खिडक्यांमधल्या अंतरावर आणि व्ह्यूफाइंडरच्या वर्धनावर ठरते. कॉन्टॅक्स दोनमध्ये हे अंतर सुमारे ९० मिलिमीटर होते. १९५४ च्या लायका एम३ मध्ये अंतर आणि वर्धन यांचा गुणाकार सुमारे ६२ मिलिमीटर येतो. लेन्स रुंद असो वा अरुंद, हा आकडा बदलत नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र लेन्स जितकी रुंद, तितके दृश्य लहान, आणि हाताने केलेला फोकस तितका अनिश्चित. खिडकी आणि लेन्स यांच्या जागा वेगळ्या असल्यामुळे चौकट चुकते, हा जुना आरोपही अर्धाच खरा. एम३ मध्ये फोकस करता करता चौकटीच्या उजळ रेषा स्वतःच सरकतात. १९७२ च्या कॅननेट क्यूएल१७ जी-थ्रीसारख्या सामान्य गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यातही ही सोय आहे.

इथे एक मुद्दा मी आपणहून सोडून देतो. रेंजफाइंडरचे समर्थक त्याच्या शांत शटरचे गुणगान करतात. आरसा आपटत नाही, म्हणून आवाज कमी. आरसा हादरत नाही, म्हणून मंद वेगातही हातात धरून फोटो काढता येतो. त्या काळात हे गुण निर्णायक होते. आज इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मूक आहे. जो गुण प्रतिस्पर्ध्याने अधिक चांगला मिळवला, त्यावर दावा उभा करू नये. फिल्ममध्ये ‘आत्मा’ असतो, हा दावाही मी सोडतो. तो सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. अशा दाव्याने वाद पुढे जात नाही.

मग माझे म्हणणे कशावर उभे आहे? रेंजफाइंडर चित्र दाखवत नाही, यावर.

हा दोष म्हणून सांगितला जातो. मला तो या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि वादाचा गाभाही हाच आहे. आरशाच्या कॅमेऱ्यातून पाहिले की लेन्सने तयार केलेले चित्र दिसते: मागचे धूसर, पुढचे ठळक, कडा कापलेल्या. आजच्या आरशाविना डिजिटल कॅमेऱ्यात तर रंग आणि उजेडही पक्के करून मिळतात. म्हणजे शटर दाबण्याआधीच डोळ्यांपुढे जवळजवळ तयार फोटो असतो. रेंजफाइंडरच्या खिडकीतून यांतले काहीही दिसत नाही. जवळचे, दूरचे, सगळे सारखेच स्पष्ट. वर एक उजळ रेषांची चौकट तरंगते, आणि चौकटीच्या बाहेरही जग चालू असते. वाड्याच्या ओट्यावर बसलेल्याला रस्त्याने येणारा माणूस दारासमोर पोचण्याआधीच दिसतो, तसे हे पाहणे आहे. सायकलवाला डावीकडून येतो आहे, बाई उजवीकडे वळणार आहे, मुलगा अजून चौकटीत आलेला नाही, हे सगळे आधी कळते. एम३ च्या खिडकीचे वर्धन ०.९१, म्हणजे डोळ्याला दिसते त्याच्या जवळपास तेवढेच. उजवा डोळा खिडकीला लावून डावा उघडा ठेवला, तर दोन्ही दृश्ये एक होतात आणि जगावर फक्त चौकट उरते. हा अनुभव ज्याने घेतला आहे, तो ‘लेन्स पाहते तेच दिसते’ या वचनाने सहजासहजी प्रभावित होणार नाही. लेन्स पाहते ते पाहण्यासाठी मी घराबाहेर पडलो होतो का? मला रस्ता पाहायचा होता.

आरशाच्या कॅमेऱ्याची आणखी एक गोष्ट क्वचितच उघड बोलली जाते. शटर उघडते त्या क्षणी आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. जो क्षण फिल्मवर उतरतो, नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही. रेंजफाइंडरमध्ये तो दिसतो. डोळा मिटला, हात हलला, मधून कोणी गेले, हे तेव्हाच कळते. नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनी हा अंधार घालवला आहे, हे मी मान्य करतो. पण ते क्षण दाखवतात तो पडद्यावर, चित्र म्हणून.

आता फिल्मकडे येतो, कारण प्रतिपक्षाचा सर्वांत धारदार प्रश्न तिथे आहे. रेंजफाइंडर हवा तर डिजिटल रेंजफाइंडर घ्या, शिस्त हवी तर पडदा झाका, फिल्म कशाला?

याला फिल्मचे समर्थक एक ठरावीक उत्तर देतात: छत्तीसच फोटो असल्यामुळे माणूस विचार करून शटर दाबतो. हे उत्तर चुकीचे आहे. गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लायका एम४ घेऊन अखंड फोटो काढत असे. १९८४ साली तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुता पडलेले होते. ही काटकसर म्हणायची? विसाव्या शतकातल्या रस्त्यावरच्या छायाचित्रणाच्या पहिल्या रांगेतला हा माणूस फिल्मची उधळपट्टी करत होता. तेव्हा फिल्मचा गुण कंजुषीत शोधणे व्यर्थ आहे. विनोग्रँडचे उदाहरण दुसरीकडे बोट दाखवते. काढलेले फोटो तो मुद्दाम उशिरा, वर्ष-दोन वर्षांनी पाहत असे, म्हणजे काढताना मनात काय होते याचा प्रभाव निवडीवर पडू नये. पाहणे आणि पारखणे ही दोन कामे त्याने वेगळी ठेवली.

फिल्मचे मर्म मला इथे सापडते. शटर दाबल्यावर फिल्मवर एक अदृश्य प्रतिमा तयार होते. ती रोल धुवेपर्यंत कोणालाही दिसू शकत नाही, छायाचित्रकारालाही नाही. रेंजफाइंडर आधी चित्र दाखवत नाही, फिल्म नंतर चित्र दाखवत नाही. दोन्ही बाजूंनी चित्र बंद झाले की मधे उरते ते केवळ समोरचे जग. या जोडीचा आनंद नेमका इथे आहे, आणि तो या जोडीखेरीज इतक्या पूर्णपणे दुसरीकडे मिळत नाही. फोटो काढण्याचा संपूर्ण वेळ पाहण्यात जातो, तपासण्यात नाही.

पडदा झाकल्याने हे का साधत नाही? कारण झाकलेला पडदा उघडता येतो. न पाहण्याचा निश्चय दर फोटोनंतर नव्याने करावा लागतो, आणि निश्चय टिकवण्यात खर्च होणारे लक्ष समोरच्या माणसावरून उडते. फिल्ममध्ये निश्चयाचा प्रश्नच उद्भवत नाही. हे केवळ माझे मत असते, तर प्रतिपक्षाने ते झटकले असते. पण २०१६ साली लायकाने एम-डी नावाचा डिजिटल रेंजफाइंडर बाजारात आणला आणि त्याला पाठीमागे पडदाच दिला नाही. डिजिटल यंत्र बनवणाऱ्यांना यंत्राचा सर्वांत सोयीचा भाग काढून टाकावासा का वाटला असेल? ही सोय पाहण्याच्या आड येते, हे त्यांनाही जाणवले असावे. प्रतिपक्ष जे नाकारतो, ते त्याच्या घरातच मान्य झालेले आहे.

धुतलेल्या रोलचीही एक बाजू आहे. छत्तीस निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर ठेवून काढलेली काँटॅक्ट शीट पाहिली, तर काहीच खोडता येत नाही. चांगल्या फोटोच्या आधीचे चार फसलेले प्रयत्न आणि नंतरचे दोन तिथेच असतात. कुठे एक पाऊल पुढे टाकले, कुठे वाट पाहिली, कुठे घाई केली, हे क्रमाने वाचता येते. मॅग्नम संस्थेच्या छायाचित्रकारांच्या काँटॅक्ट शीट्सचा मोठा ग्रंथ २०११ साली निघाला. तो चाळताना नामवंतांच्या चुका जितके शिकवतात तितके त्यांचे गाजलेले फोटो शिकवत नाहीत. डिजिटलमध्ये फसलेला फोटो तिथल्या तिथे पुसला जातो. शिकण्याचा पुरावाच नष्ट होतो.

अंधूक प्रकाशात कॅमेरा किती स्वच्छ टिपतो, या मुद्द्याला एकच उत्तर पुरेसे आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींचे फोटो आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने काढले, आणि त्याच संध्याकाळी बिर्ला हाउसच्या फाटकापाशी गांधीजींच्या मृत्यूची बातमी सांगणाऱ्या नेहरूंचाही. हा दुसरा फोटो हललेला आहे. दिव्याच्या उजेडात काढलेला, धूसर. आजचा कोणताही फोन तो अधिक स्वच्छ काढील. तो अधिक स्वच्छ असता, तर त्या रात्रीविषयी त्याने अधिक सांगितले असते का? स्वच्छतेची पट्टी लावून छायाचित्राची योग्यता ठरत असती, तर हा फोटो केव्हाच बाद झाला असता.

खर्चाविषयी मी गुळमुळीत बोलणार नाही. फिल्म महाग आहे, आणि आपल्याकडे ती आयात होत असल्यामुळे अधिकच महाग पडते. पण ज्याला नियमित काम करायचे आहे त्याच्यासाठी मार्ग आहेत. कृष्णधवल फिल्मचा शंभर फुटांचा डबा घेतला की त्यातून छत्तीस फोटोंचे सुमारे अठरा रोल स्वतः भरता येतात. धुण्याचे कामही घरच्या न्हाणीघरात होते. डी-७६ हे १९२७ पासूनचे डेव्हलपर आजही चालते. त्याची वेळ २० अंश तापमानाला धरून सांगितलेली असते. विदर्भात मे महिन्यात नळाचे पाणी तिशी ओलांडते; तिथे बर्फाचे तुकडे टाकलेल्या पातेल्यात बाटल्या ठेवाव्या लागतात, आणि डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचे पाणी या सगळ्यांचे तापमान जवळजवळ सारखे राखावे लागते, नाहीतर फिल्मवरचे जिलेटिन सुरकुतते. हे कष्ट आहेत. ज्याला ते नको असतील त्याने डिजिटल वापरावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रदूषणाचा आक्षेपही योग्य आहे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, ती गटारात सोडू नये. स्टील वूल टाकून ती वेगळी करता येते. जबाबदारीने काम करणारे हे करतात.

राहतो तो मूळ आरोप, स्मरणरंजनाचा. तो दूरच्या निरीक्षणातून आला आहे. वर्षातून एकदा कॅमेरा बाहेर काढणारा, एक रोल घालणारा, कॅमेऱ्याचाच फोटो काढून लोकांना दाखवणारा माणूस प्रतिपक्षाने पाहिला आणि त्यावरून निष्कर्ष काढला. त्या माणसाबद्दल निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. पण नियमित वापरणाऱ्याला तो लागू होत नाही, कारण रंजनाला अंतर लागते आणि रोजचा वापर हे अंतर ठेवत नाही. काही रोलनंतर झिजलेले पितळ दिसेनासे होते. चामड्याच्या केसचा वास लक्षात येत नाही. एम३ चे खालचे झाकण काढून फिल्म भरणे हा सोहळा राहत नाही, ते काम होते. तरीही माणूस तो कॅमेरा वापरत राहिला, तर त्याला धरून ठेवणारी गोष्ट दुसरी असली पाहिजे.

ती गोष्ट म्हणजे हळूहळू अंगात येणारे ज्ञान. ४०० वेगाची फिल्म, स्वच्छ ऊन: सेकंदाचा पाचशेवा भाग आणि एफ/१६. झाडाच्या मोकळ्या सावलीत तीन पायऱ्या उघडायच्या. हे नियम पाठ करता येतात, पण श्रावणातला ढग जाऊन ऊन पडते तेव्हा बोटांनी आपोआप कडे फिरवणे हे फक्त नियमित वापराने येते. तसेच अंतराचे. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर, फोकस तीन मीटरवर ठेवला, तर साधारण १.९ मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. हे ज्याच्या डोळ्यांत बसले, त्याला गर्दीत फोकस करण्याची गरजच उरत नाही. तो पावलांनी फोकस करतो. ज्याने सहा महिने सलग असे काम केले आहे, तो कॅमेरा नसतानाही उजेड मोजत चालतो. ज्यांचा जन्मच डिजिटल युगात झाला अशा विशीतल्या मुलांमध्येही हे घडताना दिसते. जो काळ त्यांनी पाहिलाच नाही, त्याच्या आठवणीत ती रमतील कशी? उसन्या आठवणींची हौस एखाद-दोन रोल पुरेल. पन्नासाव्या रोलपर्यंत ती नेणार नाही.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हे कॅमेरे दुरुस्त करणारे हात कमी होत चालले आहेत. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारासारख्या जागी अजून कारागीर भेटतो, पण त्याच्याजवळ काम शिकणारा तरुण बसलेला असेलच असे नाही. सुटे भाग बनत नाहीत. हा धोका खरा आहे. मात्र त्यावरून कॅमेरा कपाटात जपून ठेवावा असा निष्कर्ष निघत असेल, तर तो उलटा आहे. कोकणातल्या पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. न वापरलेल्या शटरमधले वंगण घट्ट होते आणि मंद वेग अडकू लागतात. फिरवत राहिलेले शटर मोकळे राहते, उजेडात आणि वाऱ्यात वावरणारी लेन्स बहुधा स्वच्छ राहते. कापडी शटरच्या कॅमेऱ्याबाबत एवढीच काळजी घ्यायची की लेन्सचे झाकण न लावता तो सूर्याकडे तोंड करून ठेवू नये. आरसा नसल्यामुळे ऊन थेट शटरच्या कापडी पडद्यावर एकवटते आणि त्याला भोक पडते.